अर्जात ‘अतिक्रमण’ लिहू नका
(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वनहक्काचे दावे भरायचं काम पाड्यापाड्यावर चाललंय. बऱ्याच अर्जांत एक वाक्य सापडतं : ‘मी वनजमिनीवर अतिक्रमण केले आहे, तरी ते नियमानुकूल करावे ही विनंती.’ हे वाक्य आपलं नव्हे. ते गार्डाच्या पंचनाम्यातलं आहे. इतकी वर्षं ऐकून ऐकून आपल्या तोंडी बसलंय.

अतिक्रमण म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत घुसणं. हा शब्द लिहिला की जमीन दुसऱ्याची हे आपणच कबूल केलं. मग पुढं कितीही भांडा, ते दया मागणं होतं. सायबाला तरी काय दोष द्यायचा? त्याच्या हातात तुमचाच कबुलीजबाब असतो.

इंग्रजांनी 1878 साली जंगलाचा कायदा केला आणि रानाला ‘राखीव’ म्हणायला लागले. कुणासाठी राखलं, ते त्या शब्दातून कळत नाही. सागवान जहाजाला, रेल्वेला गेलं. आपण राबासाठी फांद्या तोडल्या, तर ती जंगलाची नासधूस. राब म्हणजे भाताच्या रोपाची तयारी, हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे. काम तेच, कोयता तोच, पण खात्याच्या कागदात नाव दुसरं. ठाणे-कुलाब्यातल्या लोकांनी एवढी ओरड केली, की 1885 साली सरकारला चौकशी कमिशन नेमावं लागलं. (आणि ‘गौण वनउपज’ म्हणे! मोहाचं फूल आपल्या घरात गौण कधी होतं?)

3 मे 2002 ला केंद्राच्या वनमंत्रालयाचं पत्र सगळ्या राज्यांना गेलं : अपात्र अतिक्रमणं 30 सप्टेंबरपर्यंत हटवा. ‘अतिक्रमण हटवले’ असं पेपरात वाचल्यावर शहरातल्या माणसाला वाटतं, बरं झालं, फुटपाथ मोकळा झाला. ‘नागलीचं उभं पीक मोडलं, झोपडी पाडली’ असं वाचलं असतं, तर तोही दचकला असता.

त्याविरुद्ध देशभर लढा झाला आणि 2006 चा कायदा आला. त्याच्या सुरुवातीलाच ‘ऐतिहासिक अन्याय’ असं लिहिलंय. काल आपण गुन्हेगार होतो, आता अन्याय आपल्यावर झाला हे संसदेनं मान्य केलं. कायद्याच्या नावातच ‘वन हक्कांची मान्यता’ आहे. मान्यता आधीपासून असलेल्या गोष्टीला देतात.

पण सरकारी कार्यक्रमाच्या बॅनरवर काय असतं? ‘पट्टे वाटप’. आणि आपण ‘लाभार्थी’. वाटप रेशनच्या साखरेचं होतं, आणि कुणाला किती ते वाटणारा ठरवतो. कायदा सांगतो, प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढी, 4 हेक्टरपर्यंत. तरी चार एकर कसणाऱ्याच्या हातात दहा गुंठ्यांचा कागद ठेवला, तर तो हात जोडतो. लाभार्थी भांडत नसतो ना!

‘आम्ही अतिक्रमणदार नाही’ ही घोषणाही सोडा. ‘मी चोर नाही’ असं ओरडत कुणी बाजारातून गेला, तर लोक त्याच्या पिशवीकडं बघतात.

मग अर्जात लिहायचं काय? ‘13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून माझ्या ताब्यात असलेली, मी कसत असलेली जमीन. हक्काची मान्यता मिळावी.’ आज्यानं कसली असेल तर आज्याचं नाव घाला, नसेल तर घालू नका. शब्द बदला म्हणतोय, खोटं लिहा म्हणत नाही. नुसत्या शब्दानं दावा टिकतही नाही, पुरावा लागतो. बांध, घराचं जोतं, दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब.

आणि दंडाच्या पावत्या! लाजेपायी कुणी चुलीत घातल्या, कुणी गाडग्यात लपवल्या. राहिल्यात त्या बाहेर काढा. खात्यानं ती गुन्हा म्हणून फाडली. पण तिच्यावर तारीख आहे, सही आहे. त्या साली तुम्ही तिथं नांगर धरला होता, हे खात्यानंच लिहून दिलंय.

जबाब लिहिणाऱ्या पोरांनो, म्हातारी ज्या बोलीत सांगेल ते नीट ऐका. ती ‘आमी रान राखलां’ म्हणाली, तर ‘जंगलाचा वापर केला’ असं लिहू नका.

ग्रामसभेचा ठराव ग्रामसेवक लिहून आणतील. अंगठा द्यायच्या आधी मोठ्यानं वाचायला लावा, बायांना ऐकू जाईल असा. ‘अतिक्रमण’ आलं की थांबवा, खोडून ‘ताब्यातील जमीन’ लिहायला सांगा, आणि मग पुढचं वाचू द्या.