आम्ही दोघे सायकलीने नेपाळला निघालो आहोत

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि भाषणाची मला सवय नाही. परंतु आम्ही उभयतांनी सायकलीवरून नेपाळात लुंबिनीपर्यंत जाण्याचे ठरविले, ही बातमी अनसिंगभर झालीच आहे. पिठाच्या गिरणीवर रोज थोडे थोडे सांगण्यापेक्षा इथे एकदाच नीट सांगावे, असे अध्यक्षीणबाईंनी सुचविले म्हणून उभी राहिले आहे.

सर्वजणी पहिले हेच विचारतात की हे कुणाच्या डोक्यातून निघाले. तर माझ्या. लेकीला शाळेत असताना योजनेतून सायकल मिळाली होती. ती पुढे शिकायला वाशिमला गेली आणि सायकल घरीच राहिली. शेत दोन कोसांवर. डबा पोचविण्यासाठी मी चाळिशी उलटल्यावर तीवर बसायला शिकले. संध्याकाळी परत येताना हे त्यांच्या सायकलीवर आणि मी माझ्या. संसाराला वीस वर्षे होऊन गेली, पण घरात आमचे बोलणे म्हणजे खत, बियाणे आणि कुणाचे किती देणे. रस्त्याने मात्र हे आपल्या लहानपणाच्या गोष्टी सांगू लागले. मला वाटले, हा रस्ता आणखी लांब असता तर बरे झाले असते.

लेक सुट्टीत आली तेव्हा तिने मोबाईलवरून एका जोडप्याची हकीकत वाचून दाखविली. अमेरिकेच्या फॅनी वर्कमन नावाच्या बाई आणि त्यांचे यजमान डॉक्टर विल्यम. डॉक्टरांनी प्रकृतीमुळे व्यवसाय सोडला होता. १८९७ साली ही दोघे हिंदुस्थानात आली, तेव्हा बाई अडतीस वर्षांच्या आणि डॉक्टर त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठे. आपल्या देशात, आणि लंका, ब्रह्मदेश, जावा इकडेही मिळून अडीच वर्षांत सुमारे चौदा हजार मैल, म्हणजे बावीस हजार किलोमीटरांच्या वर सायकल चालविली. सोबत चहा, साखर, बिस्किटे, प्रत्येकी एक घोंगडी, औषधे आणि पंक्चरचे सामान. निजायला जागा न मिळाल्यास स्टेशनातल्या वेटिंग रूममध्ये पडायचे. एकेका दिवशी चाळीस चाळीस पंक्चर काढावे लागत! हे ऐकून आमचे हे म्हणाले, "मग आपलं काय, आता रस्ते डांबरी आहेत."

पुढे हिमालयात मोहिमा काढल्या तेव्हा एका वर्षी व्यवस्था बाईंनी पाहावयाची तर दुसऱ्या वर्षी डॉक्टरांनी, अशी पाळी त्यांनी लावली होती. हे मला फार आवडले. पण एक गोष्ट पटली नाही. त्यांचा मुलगा लहानपणीच गेला होता, आणि मुलगी रेचल हिला दाया व दूरच्या शाळा यांच्या हाती सोपवून दोघे हिंडत राहिली. मुलगी पुढे भूगर्भशास्त्रात विदुषी झाली, म्हणून मी बाईंना सरसकट दोष देत नाही. पण तेरा वर्षांच्या पोरीला रात्री आई आठवत नसेल काय? म्हणून आमच्या धाकट्याची बारावी होईपर्यंत दोन वर्षे थांबायचे, असे मीच म्हटले. ती दोन वर्षे आता संपली.

पैशाचे म्हणाल तर केरळात कोचीला विजयन आणि मोहना हे चहाचे दुकान चालविणारे जोडपे होते. रोजच्या गल्ल्यातून थोडे बाजूला टाकून, कर्ज काढून आणि ते फेडून त्यांनी पंचवीसाहून अधिक देश पाहिले. विजयन २०२१ साली वारले. आम्ही कर्ज काढले नाही. शिवणकामातले रोज तीस रुपये मी डब्यात टाकले, त्याचे दोन वर्षांत बावीस हजारांच्या जवळपास झाले.

नेपाळ अशासाठी की आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र चालते. नागपूर, जबलपूर, प्रयागराज, काशी, गोरखपूर, आणि सोनौलीहून पलीकडे. सुमारे साडेतेराशे किलोमीटर. रोज चाळीस, आठवड्यातून एक दिवस विसावा, म्हणजे चाळीस दिवस. येताना गोरखपूरहून आगगाडी. पौषात तिकडे दाट धुके पडते, म्हणून तूर घरात आली की माघात निघावयाचे.

लोक हसले. "पोरायची लग्नं व्हायची हायेत अन् हे चालले सायकलीवर!" शेगावच्या पालखीबरोबर महिनाभर पायी पंढरपूरला जाणाऱ्या जोडप्याला कुणी हसत नाही, हे मी त्यांच्या नजरेस आणले. भीतीही घालतात. ती खोटी नाही. वेदांगी कुलकर्णी ही आपली मराठी मुलगी २०१८ साली १५९ दिवसांत एकोणतीस हजार किलोमीटर सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणा करून आली, तिला स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटले होते. म्हणून अंधार पडण्यापूर्वी मुक्काम, आणि मुक्काम धर्मशाळेत किंवा गुरुद्वारात. बायकांची खरी अडचण निराळी, ती तुम्हाला सांगावयास नको. पेट्रोलपंप कुठे कुठे आहेत ते लेकीने वहीत लिहून दिले आहे.

सर्वांत जास्त वेळ एका अटीवर गेला. हे म्हणत, "तू म्हणशील तर जाऊ." म्हणजे काही बिघडले की दोष माझा! मी म्हटले, असे नाही. तुम्हालाही जावेसे वाटत असेल तरच. चार दिवस हे बोलले नाहीत. पाचव्या दिवशी बाजारातून दोन नवे टायर घेऊन आले. मग ठरले की दोघांपैकी कुणीही परत फिरू म्हटले तर फिरावयाचे, आणि पुढे जन्मभर ते काढून दाखवावयाचे नाही. हे शेवटचे यांना जड गेले, मलाही जाईल.

सासूबाईंना विचारल्यावाचून पाऊल टाकणार नव्हते. त्या म्हणाल्या, "जा मंग. मले काशीचं गंगाजल आणजा." चाळीस दिवस नणंद येऊन राहणार आहे.

आता एक काम. मंडळाच्या भिशीत फेब्रुवारीची पाळी माझी आहे. ती कुणाला बदलून हवी असेल तर चहापानाच्या वेळी मला भेटावे.