परक्या ताटांतील घास



परदेशीं राहावयास जाणारा मनुष्य सामानाबरोबर लोणचें, मेतकूट आणि भाजणी नेतो. तें योग्यच आहे. परंतु कांहीं आठवड्यांत बरण्या रिकाम्या होतात, आणि मग त्या देशाच्या अन्नाशीं ओळख करून घेणें भाग पडतें. सेवानिवृत्तीनंतर मुलाकडे अदीस अबाबा येथें मीं एक वर्ष काढलें. इथिओपियाच्या त्या राजधानींत जें खाल्लें-प्यालों, त्यावरून चार शब्द आज सांगणार आहें.

तेथील मुख्य अन्न इंजेरा. टेफ नांवाचें खसखशीएवढें बारीक धान्य दळून पीठ पाण्यांत कालवितात, दोन-तीन दिवस आंबूं देतात आणि मोठ्या गोल तव्यावर एकाच बाजूनें भाजतात. वरच्या अंगास सुरेख जाळी पडते. पाहतांच आपणांस आंबोळी आठवते, आणि येथेंच नवखा फसतो. आंबोळीची चव मनांत धरून तोडलेला पहिला तुकडा फार आंबट लागतो. इंजेरा हा इंजेरा म्हणून खाल्ला, म्हणजे तिखट कालवणाबरोबर तो आंबटपणा किती जुळतो, हें आठवड्याभरांत कळूं लागतें. कडधान्याच्या पिठांत मिरचीचा मसाला घालून शिजविलेलें शिरो तर आपल्या पिठल्याचें भावंड शोभेल.

शाकाहारी पाहुण्याची तेथें उपासमार होत नाहीं. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक साधारणतः दर बुधवारीं व शुक्रवारीं, आणि ईस्टरपूर्वीं ५५ दिवस, मांस, दूध व अंडीं वर्ज्य करतात. त्या दिवशीं डाळी-भाज्यांचें ताट सर्वत्र मिळतें.

चवीपेक्षां अवघड प्रश्न उष्ट्याचा. एकाच मोठ्या ताटांत इंजेरा पसरून त्यावर सर्व पदार्थ वाढतात व मंडळी सभोंवार बसून उजव्या हातानें खातात. शिवाय यजमान स्वतःच्या हातानें घास करून पाहुण्याच्या मुखांत घालतो. यास गुर्शा म्हणतात. लग्नांत वधूवर परस्परांस घास भरवितात त्याचें आपणांस कौतुक. पण परक्याच्या हातचा घास म्हटला कीं संकोच होतो. शेजारच्या वृद्ध गृहिणीनें पहिल्याच भेटींत माझ्यापुढें घास धरला. त्यांत मांस होतें. मीं हात जोडले व जन्मांत कधीं मांस खाल्लें नाहीं, असें मुलाकरवीं सांगितलें. "म्हणजे यांचा बारा महिने उपास!" असें म्हणून तिनें मसुरीच्या डाळीचा दुसरा घास केला. तो मीं घेतला. दोन्ही नाकारले असते, तर माझा नेम राहिला असता, पण शेजार गेला असता.

पेयांत मोठा मान कॉफीचा. हें झुडूप मूळचें त्याच देशाच्या अरण्यांतलें. पाहुण्यासमोर हिरवे दाणे धुवून भाजतात, त्यांचा सुवासिक धूर त्याच्याकडे वळवितात, दाणे उखळींत कुटून जेबेना नांवाच्या मातीच्या सुरईंत उकळतात. मग तीन फेऱ्या होतात : अबोल, तोना आणि बरका. बरका म्हणजे आशीर्वाद. पहिला पेला पिऊन घाईनें उठणारा पाहुणा आशीर्वादावांचून जातो. तेज नांवाचें मधाचें मद्य मात्र मीं नम्रपणें नाकारलें; कोणासही राग आला नाहीं.

परदेशीं जाणाऱ्या तरुणांस माझें सांगणें एवढेंच : आपला नेम असेल तो पहिल्याच दिवशीं स्पष्ट सांगावा. त्याबाहेरचें जें ताटांत येईल, त्याचे दोन घास तरी तोंड न वेंगाडतां खावे. आवड-नावड ठरविण्यास पुढें पुष्कळ दिवस असतात.