कंठग्रंथि व बुद्धीचा थकवा

विंचूरच्या कांदाबाजारांत लिलाव आटोपला म्हणजे अडत्याच्या पेढीवर हिशेबपट्ट्यांची एकच धांदल उडते. वजन, भाव, हमाली व तोलाई यांचा मेळ मनांतल्या मनांत घालणारा एखादा जुना दिवाणजी बेरजा चुकूं लागला, नित्याच्या शेतकऱ्याचें नांव त्यास आठवेना, भर दुपारीं त्याचे डोळे मिटूं लागले, कीं मालक म्हणतो, "वय झालें", घरचीं माणसें म्हणतात, "लक्ष उडालें." परंतु या दोषाचें मूळ कधीं कधीं गळ्यांत असतें, हें फार थोड्यांच्या ध्यानीं येतें.

श्वासनलिकेच्या पुढील अंगास फुलपाखराच्या आकाराची एक लहान ग्रंथि आहे. तिला थायरॉईड किंवा कंठग्रंथि म्हणतात. तिचा स्राव रक्तांत मिसळून सर्व शरीराचा, व त्याबरोबर मेंदूचाही, वेग राखतो. तो कमी पडला म्हणजे चूल मंदावलेल्या घराप्रमाणें सारींच कामें रेंगाळतात. थंडी सोसत नाहीं, कातडी कोरडी पडते, मलावरोध होतो, वजन वाढतें. आणि विचार, स्मरण व उत्साह हींही मंद होतात.

हें ज्ञान फार जुनें नाहीं. विलायतेंत सर विल्यम गल यांनीं १८७३ सालीं प्रौढ स्त्रियांतील या स्थितीचें वर्णन केलें. १८९१ सालीं डॉ. जॉर्ज मरे यांनीं ४६ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीस मेंढीच्या कंठग्रंथीचा अर्क टोचला. ती पुढें २८ वर्षें जगली. १९१४ सालीं अमेरिकेंत एडवर्ड केंडॉल यांनीं थायरॉक्सिन हें द्रव्य वेगळें काढलें. आजची गोळी म्हणजे त्याचेंच कृत्रिम रूप होय.

या स्रावास आयोडीन लागतें. म्हणूनच २००६ सालापासून आपल्या देशांत खाण्याकरितां आयोडीनविरहित मीठ विकण्यास बंदी आहे. तथापि असें मीठ खाणाऱ्या घरांतही हा विकार आढळतो. कारण पुष्कळदां शरीराची संरक्षक शक्तीच ग्रंथीवर उलटलेली असते. तेथें मीठ वाढवून लाभ नाहीं.

परीक्षा मात्र सोपी आहे. रक्ताच्या तपासणीनें दोष कळतो. गोळी वैद्यकीय सल्ल्यानेंच, सकाळीं उपाशीपोटीं पाण्याबरोबर घ्यावी. चहा निदान अर्ध्या तासानें. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचें अंतर असावें. सहा ते आठ आठवड्यांनीं पुन्हा रक्त तपासून मात्रा ठरवितात. शेजारणीची मात्रा आपणांस चालेल असें मानूं नये. अधिक झाल्यास हृदयास अपाय होतो. रक्ताचे आंकडे सुधारूनही कांहींचा बौद्धिक थकवा उरतो. अशा वेळीं रक्तक्षय, अपुरी झोप किंवा मनाची खिन्नता यांचा शोध घ्यावा. "आतां सर्व ठीक आहे" म्हणून त्यांस गप्प बसवूं नये.

हा विकार पुरुषांहून स्त्रियांत पुष्कळ अधिक होतो. दिवाणजीची चूक पट्टीवर उमटते, म्हणून ती कोणीतरी धरतो. गृहिणीच्या दिनक्रमाची बेरीज कोणी तपासीत नाहीं. दूध उतूं गेलें, किल्ल्या हरवल्या, बोलतां बोलतां शब्द सुचेना, कीं तिच्या वाट्यास बोल येतात, आणि तीही स्वतःस आळशी समजूं लागते. घरांतील एखाद्या चलाख माणसाची गति अशी मंदावली, तर त्यास दोष देण्यापूर्वीं एकदां त्याचें रक्त तपासून घेणें, हें त्या घरचें कर्तव्य आहे.