परसातील नारळ आणि पांढरी माशी

कावेरीच्या खोऱ्यातील इतर गावांप्रमाणे कुंभकोणमजवळच्या तिरुनागेश्वरम् येथेही परसात नारळ असतो. त्याच्या खालच्या झावळ्या काळवंडल्या, की घरधनी विषारी औषध आणावयास निघतो. तत्पूर्वी त्याने झावळीची खालची बाजू पाहावी.

तेथे मेणचट पांढरी वेटोळी दिसली, तर ती सर्पिल पांढऱ्या माशीची अंडी होत. मूळची मध्य अमेरिकेतील ही कीड भारतात प्रथम २०१६ साली तमिळनाडूतील पोल्लाची भागात आढळली. ती पानातील रस शोषते व गोड, चिकट द्राव टाकते. हा द्राव खालच्या पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि पानांना ऊन मिळेनासे होते.

या किडीलाही वैरी आहे. एन्कार्सिया नावाची अतिसूक्ष्म गांधीलमाशी तिच्या पिलांत अंडी घालते. अशी पिले काळी पडतात. पांढऱ्या पिलांत काळी पिले दिसणे हे सुचिन्ह समजावे. विषारी फवारणीने ही उपकारक गांधीलमाशी मरते व कीड निर्वेध वाढते; विषाचे तुषार विहिरीवर, गोठ्यावर पडतात ते वेगळेच.

म्हणून झावळ्यांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. बुंध्याला चिकट लेप दिलेले पिवळे तक्ते बांधावेत. बुरशीवर पातळ खळ शिंपडावी. ती वाळून पापुद्र्यासारखी सुटते व बुरशीही तिच्यासवे गळते. काळी पिले असलेले पानाचे तुकडे शेजारच्या झाडाला बांधल्यास गांधीलमाशी तिकडेही पसरते.

औषधाची बाटली उघडण्यापूर्वी झावळी उलटून पाहण्यास काही खर्च येत नाही.