ब्रॅकनेलचे मत आणि मुंबईचे वॉर्ड
(ब्रॅकनेल येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शनिवारची दुपार सोडून निवडणूक कायद्यावर ऐकायला आलात, याबद्दल आधी आभार.

एक प्रश्न मी आपल्या लोकांना नेहमी विचारतो. भारतीय पासपोर्ट आहे, वर्क व्हिसा किंवा आयएलआरवर राहता. ब्रॅकनेलचा खासदार निवडायला तुम्हाला मत आहे का? बहुतेक जण म्हणतात, "छे, आपण कुठे इथले!" कायद्याचे उत्तर मात्र "आहे" असे आहे. हा साम्राज्याचा उरलेला धागा. १९१८ च्या कायद्यात मत 'ब्रिटिश प्रजे'ला होते. साम्राज्य गेले, हक्क राहिला. आजचा १९८३ चा कायदा पात्र राष्ट्रकुल नागरिकाला मतदार मानतो. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतात शेजारच्या पोलिश कुटुंबाला मत नव्हते, तुम्हाला होते. २००८ मध्ये लॉर्ड गोल्डस्मिथ यांच्या अहवालाने हा हक्क हळूहळू बंद करावा असे सुचवले होते. तसे झाले नाही, पण वापर न होणारा हक्क काढून घेणे सोपे असते.

आणखी एक गंमत पाहा. ब्रिटिश नागरिकत्व घेतल्यावर मतपेटीपुरते तुम्हाला नवे काहीच मिळत नाही. उलट भारतातले मत जाते, ओसीआय कार्डावर ते परत येत नाही. भारतीय पासपोर्टवाल्याला कायद्याने दोन्हीकडे मत आहे. मात्र तिकडचे द्यायला स्वतः गावी जावे लागते. २०१९ च्या लोकसभेला परदेशस्थ म्हणून नोंदलेले मतदार सुमारे एक लाख होते. मत दिले सुमारे पंचवीस हजारांनी, तेही जवळपास सगळे केरळचे. प्रतिनिधीमार्फत मत देण्याचे विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत अडकले आणि २०१९ मध्ये बाद झाले.

इथले सगळे सोज्वळ आहे असे मी म्हणत नाही. २०२२ च्या कायद्याने केंद्रावर फोटो ओळखपत्र सक्तीचे केले. साठीच्या पुढच्यांचा बसपास चालतो, तरुणांचे रेलकार्ड चालत नाही. हा भेद कोणाच्या सोयीचा, ते ज्याने त्याने ठरवावे. आपल्यापुरते सांगायचे तर भारतीय पासपोर्ट चालतो, भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स नाही.

आता मतदारसंघांच्या सीमांकडे येतो, कारण मला खरे बोलायचे आहे ते यावर. २०१९ मध्ये ब्रॅकनेल फॉरेस्ट कौन्सिलच्या ४२ पैकी बहुतेक जागा काँझर्व्हेटिव्ह पक्षाकडे होत्या. त्यानंतर वॉर्डांची फेरआखणी झाली आणि ४२ च्या ४१ जागा झाल्या. आखणी कौन्सिलने केली नाही, मंत्र्यांनीही नाही. संसदेला उत्तरदायी असलेल्या स्वतंत्र आयोगाने, लोकांच्या हरकती मागवून केली. २०२३ मध्ये त्याच वॉर्डांत सत्ता पालटली. निकाल आवडो न आवडो, सत्ताधाऱ्यांनी वॉर्ड कापले असे कोणाला म्हणता आले नाही.

मुंबईत काय झाले? २०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारने महापालिकेचे वॉर्ड २२७ चे २३६ केले. ऑगस्ट २०२२ मध्ये शिंदे सरकारने ते पुन्हा २२७ केले. दोन्ही वेळा हाताशी जनगणना २०११ चीच! दोन्ही वेळा निर्णय मंत्रिमंडळाचा. त्यात ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात. तो वाद खरा होता, आरक्षण टिकायलाच हवे होते. पण त्याच्या आडोशाला प्रत्येकाला हवा तेवढा वेळ मिळाला. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षे देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका एकही नगरसेवक नसताना प्रशासकाने चालवली. पुण्याचेही तेच. तुमच्या आईवडिलांच्या गल्लीतले गटार तुंबले तर जाब विचारायला निवडून दिलेला माणूसच नव्हता.

याबद्दल इथे बसून आपण व्हॉट्सॲपवर पुष्कळ संताप केला. पण ज्या गावात आपण कौन्सिल टॅक्स भरतो, तिथल्या यादीत नाव किती जणांचे आहे? २०२४ मध्ये ब्रॅकनेलचा खासदार ७८४ मतांच्या फरकाने निवडून आला. एवढी माणसे आपल्या गणपतीला आरतीच्या वेळी जमतात.

नाव ऑनलाइन नोंदता येते. नॅशनल इन्शुरन्स नंबर, जन्मतारीख आणि पत्ता एवढे लागते. मागच्या टेबलावर लॅपटॉप सुरू ठेवला आहे. चहा तयार व्हायला दहा मिनिटे आहेत, तेवढ्यात तीन-चार जणांचे काम होईल. आता प्रश्न असतील तर विचारा.