अरबी समुद्राचा तळ



मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभें राहून पश्चिमेकडे पाहिलें म्हणजे क्षितिजापर्यंत एकसारखें सपाट पाणी दिसतें, आणि त्या पाण्याखालचा तळही एखाद्या विस्तीर्ण परातीसारखाच असावा अशी सहज समजूत होते. वास्तविक त्या पाण्याखालीं मैदानें आहेत, घळया आहेत, विझलेले ज्वालामुखी आहेत आणि सह्याद्रीशीं उंचीनें बरोबरी करणाऱ्या पर्वतांच्या रांगाही आहेत. हा प्रदेश डोळ्यांआड असला, तरी आपल्या किनाऱ्यावरील माणसांच्या सुरक्षिततेशीं त्याचा निकट संबंध आहे. म्हणून आज आपण अरबी समुद्राच्या तळाची थोडी ओळख करून घेऊं.

जी जागा कोणीं पाहिली नाहीं, तिचें वर्णन कसें करतां येतें, अशी शंका कोणास येईल. पूर्वीं खलाशी दोरीला वजन बांधून ती पाण्यांत सोडीत आणि 'इतके वांव पाणी' असें मोजीत. १८७२ ते १८७६ या काळांत 'चॅलेंजर' नांवाच्या इंग्रजी जहाजानें पृथ्वीवरील महासागरांची खोली याच रीतीनें मोजली. पण साडेतीन वर्षांच्या सफरींत खोल पाण्याचीं मोजमापें पांचशेंही भरलीं नाहींत. पहिल्या महायुद्धानंतर ध्वनीचें साहाय्य मिळालें. पाण्यांत ध्वनि सेकंदास सुमारें दीड हजार मीटर जातो. जहाजावरून खालीं सोडलेल्या नादाचा प्रतिध्वनि चार सेकंदांनीं परत आला, तर खालीं तीन हजार मीटर पाणी आहे हें उघड झालें. या युक्तीनें जहाज चालत असतांनाच तळाचा चढउतार कागदावर उमटूं लागला.

आतां अशी कल्पना करूं कीं, समुद्राचें पाणी ओसरलें आहे आणि आपण मुंबईहून नैऋत्येकडे चालत निघालों आहों. पहिले सुमारें तीनशें किलोमीटर आपणांस उतार लागला आहे हें जाणवणारही नाहीं. तीन-एक किलोमीटर चालावें, तेव्हां कोठें एक मीटर खालीं उतरावें, असा तो प्रदेश आहे. भूगोलांत यास भूखंडमंच म्हणतात. परंतु 'समुद्रबूड जमीन' हें त्याचें दुसरें नांव अधिक बोलकें आहे, कारण ती खरोखरच बुडालेली जमीन आहे. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं पृथ्वीवरील पुष्कळसें पाणी बर्फाच्या रूपानें अडकून पडलें होतें व समुद्राची पातळी आजच्याहून सुमारें १२० मीटर खालीं होती. त्या काळीं या मंचाचा बहुतेक भाग उघडा होता. याच मंचावर, किनाऱ्यापासून सुमारें १६० किलोमीटरांवर, १९७४ सालीं 'सागर सम्राट' या जहाजानें खनिज तेलाचा शोध लावला. तेंच आपलें 'मुंबई हाय' होय.

मंचाची कड आली कीं जमीन एकदम खालीं जाऊं लागते. हा खंडान्त उतार. तो आपणांस सुमारें तीन हजार मीटर खोलीपर्यंत नेऊन सोडतो. उताराच्या पायथ्याशीं पाण्यांत बुडालेले कांहीं एकाकी पर्वत आहेत. त्यांना रामन, पणिक्कर आणि वाडिया या भारतीय शास्त्रज्ञांचीं नांवें दिलेलीं आहेत. पुढें मोठें मैदान लागतें. तें कोणत्या मातीचें बनलें आहे, हें ऐकून नवल वाटेल. ती माती मुख्यतः हिमालयाकडील आहे. सिंधु नदीनें लक्षावधि वर्षें आणलेला गाळ तिच्या मुखासमोरील खोल घळईंतून गढूळ प्रवाहांच्या रूपानें खालीं घसरला आणि पंख्याच्या आकारानें पसरला. हा पंखा सुमारें दीड हजार किलोमीटर लांब आहे, आणि कांहीं ठिकाणीं गाळाची जाडी कित्येक किलोमीटर आहे. मूळचा ओबडधोबड तळ या गाळाखालीं गाडला गेला, म्हणून येथें सपाटी आहे.

या वाटेवरून डावीकडे, म्हणजे दक्षिणेस, पाहिलें तर लक्षद्वीपापासून मालदीववरून छागोसपर्यंत गेलेली एक लांब रांग दिसेल. हिचें आणि आपल्या सह्याद्रीचें जवळचें नातें आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतील एका तप्त स्थानावरून भारताची भूमि सरकत होती. त्या वेळीं जो लाव्हा बाहेर पडला, त्याच्या थरांवर थर बसून दख्खनचें पठार झालें. भारत उत्तरेकडे सरकत गेला. तप्त स्थान मागें राहिलें आणि समुद्राच्या तळावर ज्वालामुखींची माळ उठवीत राहिलें. १९८७ सालीं या रांगेंत छिद्रें पाडून खडकांचे नमुने काढले, तेव्हां दक्षिणेकडील खडक क्रमानें कमी वयाचे आढळले. तें स्थान आज रियुनियन बेटाखालीं आहे, आणि तेथील ज्वालामुखी अद्याप जागृत आहे.

मुंबईपासून सुमारें दोन हजार किलोमीटर गेल्यावर पुन्हां चढण लागते. ही कार्ल्सबर्ग पर्वतरांग. १९२८ ते १९३० या काळांतील डेन्मार्कच्या 'डाना' जहाजाच्या सफरींत ती उजेडांत आली, आणि त्या सफरीस द्रव्यसाहाय्य करणाऱ्या कार्ल्सबर्ग निधीचें नांव तिला मिळालें. १९३३-३४ सालीं सीमोर स्यूएल यांच्या नेतृत्वाखालीं 'मबाहिस' या इजिप्शियन जहाजानें तेथें प्रतिध्वनीनें मोजमापें घेतलीं, तेव्हां शिखरांच्या मधोमध एक खोल दरी असल्याचें दिसून आलें. पर्वताच्या माथ्यावर दरी कां असावी, याचा उलगडा पुढें झाला. १९६२ सालीं 'ओवेन' या ब्रिटिश जहाजानें या रांगेवरील चुंबकत्व मोजलें. लाव्हा थिजतांना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेची खूण त्यांत राहून जाते, आणि ती दिशा मधून मधून उलट होत आलेली आहे. केंब्रिजच्या व्हाइन आणि मॅथ्यूज या संशोधकांनीं १९६३ सालीं या मोजमापांच्या आधारें असें प्रतिपादन केलें कीं, दरीच्या भेगेंतून नवा लाव्हा सारखा वर येतो, जुना तळ दोहों बाजूंस सरकतो, आणि म्हणून सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे रांगेच्या दोहों अंगांस समांतर पडतात. खंडें सरकतात या मतास जे भक्कम आधार मिळाले, त्यांपैकीं हा एक आपल्याच दारच्या समुद्रांतून आलेला आहे. येथें तळ वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर रुंद होतो. आपलीं नखें याहून किंचित् जलद वाढतात.

एकीकडे तळ नवा होतो, तर दुसरीकडे तो नाहींसाही होतो. सिंधूच्या मुखाच्या पश्चिमेस मकराणच्या किनाऱ्याखालीं समुद्रतळ जमिनीच्या पोटांत शिरत आहे. २८ नोव्हेंबर १९४५ रोजीं पहांटे तेथें प्रचंड भूकंप झाला आणि त्सुनामी उठली. मकराणवर मोठी प्राणहानि झाली, आणि कांहीं तासांनीं ती लाट मुंबईस पोंचून येथेंही माणसें वाहून गेलीं.

अशा लाटेची गति खालच्या पाण्याच्या खोलीवर अवलंबून असते. चार हजार मीटर पाण्यावर ती ताशीं सुमारें सातशें किलोमीटर जाते. पन्नास मीटर पाण्यावर तीच ताशीं ऐंशींवर येते. गति मंदावते तशी लाट उंच होते. पाण्याखालचे उंचवटे तिला वळवितात आणि कोठें एकत्र आणतात. आपल्यासमोरील रुंद मंच ओलांडण्यास तिला कांहीं तास लागतात. लोकांना किनाऱ्यापासून दूर नेण्यास मिळणारा अवधि तो हाच. २६ डिसेंबर २००४ च्या आपत्तीनंतर, २००७ सालीं हैदराबाद येथें त्सुनामीची पूर्वसूचना देणारें केंद्र सुरू झालें. लाट कोठें, केव्हां आणि किती उंच पोंचेल हें त्या केंद्रानें सांगावयाचें, तर तळाचा नकाशा अचूक हवा.

आणि नेमकें तेथेंच आपण तोकडे पडतों. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजतात. जलमग्न पर्वताच्या आकर्षणानें त्यावरील पाणी किंचित् फुगतें. त्यावरून तळाचा अदमास करतां येतो, पण तो ढोबळ असतो. २०३० पर्यंत सर्व तळाचा नकाशा पुरा करण्याची आंतरराष्ट्रीय योजना २०१७ सालीं आंखली गेली. तथापि २०२४ च्या मध्यापर्यंत जगांतील समुद्रतळाचा चौथ्या हिश्शाहून थोडाच अधिक भाग प्रतिध्वनीनें नीट मोजून झाला होता. चंद्राच्या पृष्ठभागाचे आपले नकाशे याहून कितीतरी बारकाईचे आहेत.

१९६६ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यांत दोना पावला येथें आहे, आणि तिचीं जहाजें या तळाचें मोजमाप करीत आलीं आहेत. हें काम संथ व खर्चाचें आहे. त्यांत सोनें हातीं लागत नाहीं, कीं त्याचा गाजावाजा होत नाहीं. पण तळाचा जो भाग आज मोजला जाईल, त्यावरून उद्यांची सूचना अधिक नेमकी होईल, आणि वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या कोळीवाड्यांतील माणसांना वेळेवर उंच जागीं जातां येईल. या कामावर होणारा खर्च शास्त्रज्ञांच्या कुतूहलासाठीं नसून आपल्या घरादारांसाठीं आहे, एवढें ध्यानांत असावें.