देवालयाच्या आवारातील वृक्ष आणि बुरशीचे रोग
(महाजनांपुढे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शिखराला तडा गेला तर तो त्याच दिवशी दिसतो. प्राकारातील वडाच्या किंवा माडाच्या बुंध्यात शिरलेली बुरशी मात्र वर्षानुवर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. एखाद्या पावसाळ्यात बुंध्यापाशी तांबूस तपकिरी, लाखेचा लेप दिल्यासारखे चकचकीत आणि लाकडासारखे कठीण अळंबे उगवते, तेव्हा कोठे लक्ष जाते. ते ‘गॅनोडर्मा’ नामक बुरशीचे फळ होय. फळ बाहेर आले, याचा अर्थ मुळे आतून बरेच दिवस कुजत आहेत. अळंबे खरवडून वर चुना फासल्याने रोग थांबत नाही. त्याची खूण तेवढी पुसली जाते.

ही बुरशी बहुधा जखमी मुळांतून शिरते, आणि त्या जखमा पुष्कळदा आपल्याच जीर्णोद्धाराच्या उत्साहात होतात. गटारासाठी चर खणताना मुळे तुटतात, फरशी बुंध्याला भिडवली जाते, पार सिमेंटने लिंपला जातो. चिऱ्यांच्या जुन्या पारातून पाणी व हवा मुळांपर्यंत पोहोचत असे. पार बांधावयाचाच तर बुंध्याभोवतीची माती उघडी ठेवावी.

माडाच्या बाबतीत खोडाच्या तळाशी तांबूस रस पाझरू लागतो व खालची चुडते लोंबतात. तंजावर भागात १९५२ च्या वादळानंतर हा रोग बळावल्याने त्याला ‘तंजावर मर’ हे नाव पडले. रोगट माडाभोवती चर खणून शेजारच्या माडांची मुळे अलग करावीत. निरोगी माडांना दरवर्षी ५ किलो निंबोळी पेंडीतून ‘ट्रायकोडर्मा’ ही उपकारक बुरशी द्यावी. आळ्यात ओतावयाच्या बोर्डो मिश्रणाला १०० लिटर पाण्यास १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना लागतो. मोरचुदाने उपकारक बुरशीही मरते, म्हणून दोन्ही उपाय एकाच वेळी करू नयेत.

वडाच्या ढोलीत सिमेंट भरण्याची रीत आता त्याज्य मानली जाते. अमेरिकन वनखात्यातील ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडे चिरून दाखविले की, वृक्ष कुजलेला भाग बरा करीत नाही, त्याभोवती भिंत घालतो. ढोली कोरून साफ करणारा ती भिंतच फोडतो. पोकळ वडसुद्धा बाहेरचे कवच जाड असेल तर दीर्घकाळ उभा राहतो. लाकडी हातोडीने बुंधा ठोकून पाहिल्यास पोकळीचा अंदाज येतो. निर्णय मात्र जाणकाराचा असावा.

पालखीच्या वाटेवरील वृक्ष मुळाशीच कुजला असेल, तर भावना बाजूस ठेवावी लागते. प्रथम फांद्यांचा भार हलका करावा. तोडणे अटळ झाल्यास गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये आधी वृक्ष अधिकाऱ्याची अनुमती घ्यावी. बुंध्याचा खुंट व मुळे शक्य तेवढी काढून टाकावीत, आणि नवे रोप त्याच खड्ड्यात न लावता काही अंतरावर लावावे.